झाडावरचा संत्रा

लखनौ,
१६ मार्च २००३

ती. गीताताईस,
रावसाहेबाचा सप्रेम जयभीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहायचं, हे आज बरंच झालं. फोनवर माझा आवाज भरून आला असता आणि तू मला महिनाभर चिडवलं असतंस. बातमी अशी, की कलम जगलं!

गेल्या ऑगस्टमध्ये तुझ्या नर्सरीतलं संत्र्याचं कलम घेऊन मी लखनौला निघालो, तेव्हा बसस्टँडपर्यंत रिक्षात आई ते मांडीवर घेऊन बसली होती. आमची स्नेहल तान्ही असताना तिलासुद्धा आईनं इतकं जपून धरलं नव्हतं. डिसेंबरात आई गेली. दिवस करून मी परत आलो, तर इथे असं धुकं उतरलं की दोन-तीन आठवडे सूर्य कसला तो पाहिला नाही. सुनंदानं पोत्याचं झबलं शिवलं, मी ते रोज संध्याकाळी झाडाला घालत होतो, पण व्हायचं ते झालंच. शेंडा काळा पडला, पानं झडली, नुसती वाळकी काडी उरली. कॉलनीतले लोक म्हणाले, काढून टाका. मला काढवेना. ऑफिसातून आलो की तांब्याभर पाणी त्या काडीला घालत राहिलो.

आणि आज सकाळी बघतो तर बुडातून दोन कोंब! तांबूस, तकतकीत, बोटभर उंच. ताई, आई गेल्यापासून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तुला आठवतं ना, मालगुजाराच्या बागेत आपण आईबरोबर गळलेली फळं वेचायला जायचो. खाली पडलेलं आपलं, झाडावरचं त्यांचं. एकदा मी झाडावरच्या फळाला हात वर केला, तर राखणदार बघायच्या आत आईनं माझा हात खाली ओढला होता. एवढी वर्षं झाली, नोकरी झाली, सरकारी क्वार्टर मिळालं, संत्री पेटीनं आणली. पण आपल्या झाडावरचा संत्रा आपल्या हातानं तोडलाय, असं काही आजवर झालं नाही. तेव्हा ठरवलं आहे, या झाडाचा तोडून खाईन तोवर विकतचा संत्रा तोंडात घालणार नाही.

खत कुठलं घालू ते कळव. भाचा संग्राम यास आशीर्वाद. मला सांभाळतेसच, तशीच सांभाळ.

तुझा,
रावसाहेब

*

शेंदूरजनाघाट,
२९ मार्च २००३

चि. रावसाहेब यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मला चिडवता येणार नाही असं तुला वाटलं, पण पत्रातूनही येतं. संत्र्याच्या मुलखात जन्मलास, आणि बुडातून फुटवा आला म्हणून नाचतोस? सातवीपासून वसतिगृहात गेलास त्याचा हा परिणाम.

नीट वाच. आम्ही नर्सरीत आधी जंबेरीचं बी पेरतो. जंबेरी म्हणजे एक रांगडं, खडबडीत, जहाल आंबट लिंबू. तिचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा भरायचा. तो डोळा फुटून वर वाढतो तो संत्रा. खालचं खोड आणि मुळं जंबेरीचीच. तुझी वरची काडी वाळली, म्हणजे संत्रा गेला. आता बुडातून येतेय ती जंबेरी. काट्याकाट्यांचं झाड होईल आणि फळ असं येईल की खाणाऱ्याचे डोळे पांढरे होतील. ते उपटून टाक. पावसाळ्यात ये, दुसरं कलम माझ्या हातानं भरून देते.

आईचं मनाला लावून घेऊ नकोस. आणि नवस-सायास सोडून आपल्याला किती वर्षं झाली. तू कुठे हा संत्र्याचा नवस करून बसलास? रोज दोन खा, थंडी बाधणार नाही.

सुनंदाला आणि स्नेहलला आशीर्वाद. पत्र पोचल्याचं कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
ताई

*

लखनौ,
२० नोव्हेंबर २००८

ती. गीताताईंना,
सुनंदाचा सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे सगळी खुशाल. थंडी सुरू झाली, रजया उन्हात पडल्या. तुमचे भाऊ ३१ जानेवारीला रिटायर होताहेत हे तुम्हाला माहीतच आहे. वृंदावन योजनेतलं आपलं घर तयार आहे; मार्चच्या आत हे क्वार्टर सोडायचं. दुसरी बातमी, अंगणातल्या झाडाला पहिल्यांदाच फळं धरली आहेत. एकाहत्तर. हे रोज सकाळी दाढीच्या आधी मोजतात.

आता ताई, पुढचं वाचून मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. २००३ साली मार्चमध्ये तुम्ही यांना पत्र लिहिलं होतं, ते उपटून टाक म्हणून. ते यांना मिळालंच नाही, मला मिळालं. हे दौऱ्यावर कानपूरला होते, आणि आपल्याकडे पत्र सगळ्यांचंच असतं म्हणून मी फोडलं. त्या दिवशी सकाळी निघताना हे त्या दोन कोंबांपाशी उकिडवे बसून शीळ घालत होते. आई गेल्यापासून मी यांची शीळ ऐकली नव्हती. मी म्हटलं, आठवड्यानं देईन. आठवड्याचा महिना झाला, कोंबांना फांद्या आल्या, देणं राहिलं ते राहिलंच. पत्र मी बेसनाच्या डब्याखाली ठेवलं, अजून तिथेच आहे. वर तुम्हाला कार्ड टाकलं, की उपटलं आणि इथल्याच नर्सरीतून दुसरं आणून लावलं. ते साफ खोटं होतं. हे तेच झाड आहे, ताई. हातभर काटे आहेत त्याला. हे म्हणतात, काटे असले की फळाला गोडी येते.

यांनी सहा हिवाळे संत्र्याला तोंड लावलेलं नाही. हजरतगंजात ठेल्यांवर नागपुरी संत्र्यांचे ढीग लागतात, पंजाबातली किनू संत्री येतात, हे मान वळवून पुढे जातात. घरात आणायची सोयच नाही. मी आणि स्नेहल शेजारच्या विनीता भाभींच्या गच्चीवर चोरून किनू खातो, साली त्यांच्याच डब्यात टाकतो आणि घरी यायच्या आधी बेसनानं हात धुतो. गेल्या वर्षी स्नेहलच्या स्वेटरच्या खिशात यांना बी सापडली, तर तिनं भोपळ्याची म्हणून सांगितलं. विनीता भाभी अल्मोड्याच्या. त्या बिचाऱ्या आमच्याबरोबर किनू खातात आणि डोंगरातल्या त्यांच्या मोठ्ठ्या लिंबाची आठवण काढून उसासे टाकतात.

खरा घोर पुढेच आहे. यांनी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळ्या ऑफिसला, डायरेक्टरसाहेबांसकट, घरी बोलावलं आहे. रिटायरमेंटची पार्टी म्हणून आपल्या झाडाची संत्री खायला! तोवर एकाही फळाला कोणी हात लावायचा नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे कधी कोणापुढे मान खाली घालून उभे राहिले नाहीत. माझ्यामुळे त्या दिवशी राहतील, या विचारानं मला घास जात नाही.

एक सुचलं आहे. तुम्ही शंभर संत्री पाठवा. २५ तारखेला हे मिठाई सांगायला गेले, की मी झाडाची फळं उतरवून तुमची संत्री हिरव्या दोऱ्यानं फांद्यांना बांधीन. स्नेहललाही यातलं अजून काही सांगितलेलं नाही. लवकर उत्तर द्या.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
सुनंदा

*

शेंदूरजनाघाट,
३ डिसेंबर २००८

चि. सौ. सुनंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा हसून हसून. दोऱ्यानं बांधलेल्या संत्र्यांपाशी तर असा ठसका लागला की संग्राम पाणी घेऊन धावत आला. बापा, काय डोकं चालतं तुझं! पण मी संत्री पाठवणार नाही. साठीला आलेल्या माणसाला दोऱ्याचा संत्रा तोडायला लावायचा? त्यापेक्षा मालगुजाराच्या बागेत वेचलेले गळीचे बरे होते, ते निदान खरे होते.

तुझ्यावर रागवावं तर तसंही जमेना. त्या वर्षी तो कसा होता ते मीही पाहिलं आहे. आईच्या दिवसांत तो चार दिवस कोणाशी बोलला नव्हता. मी शहाणी, माहेरच्या झाडाला सरळ उपट म्हणून लिहिलं. बाई, तूच त्याला ओळखलंस. पण आता सांग. मी लिहिणार नाही, हे तुझं काम आहे. २६ तारखेच्या आधी सांग, दोघं बसून काय ते ठरवा.

आणि जंबेरीला तू एवढी कमी समजू नकोस. मी तिला नावं ठेवली होती ती चिडवण्याच्या भरात. आमच्या भागातला झाडून सगळा संत्रा तिच्याच खांद्यावर बसलेला आहे. पाणी ती ओढते, ऊन-दुष्काळ ती सोसते आणि नाव होतं वरच्याचं. तिला खायला कोणी विचारत नाही, एवढंच. यंदा तर तिचं चांगलं बी मिळेनासं झालं आहे. लोकांनी जुनी झाडं तोडून टाकली. बाजारातलं बी पेरलं तर निम्मं रोगट निघतं. संग्राम गावोगाव हिंडतो आहे.

तुझ्या त्या अल्मोड्याच्या भाभींना माझा नमस्कार सांग. किनू चोरून खाता ते खा, पण बेसन महाग झालंय, हात साबणानं धुवा.

तुझ्यावर जीव असलेली,
गीताताई

*

लखनौ,
४ जानेवारी २००९

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. इथे धुकं इतकं दाट आहे की स्कूटर चालवताना मी खांब मोजत ऑफिसला जातो. पण झाड मजेत आहे. फळं पिवळा रंग धरू लागली. धुक्यात ती अशी दिसतात की कोणी अंगणात दिवे लावून ठेवले आहेत.

तुला विचारायचं होतं, साल थोडी खडबडीत वाटते, आणि देठाकडे फळ जरा उंचावलेलं आहे. इथल्या थंडीनं साल जाड झाली असणार असा माझा अंदाज आहे. माणसांची होते तशी. आकार मात्र घसघशीत आहे. पूर्ण केशरी व्हायला अजून किती दिवस लागतील? २६ तारीख गाठायची आहे.

सुनंदाचं हल्ली काही समजत नाही. रोज काहीतरी सांगायला म्हणून माझ्यासमोर येऊन बसते आणि चहा हवा का एवढंच विचारून जाते. दिवसाला नऊ चहा होतात. परवा म्हणाली, २६ तारखेला फळांऐवजी जिलबी ठेवू. मी म्हटलं, जिलबी काय कोणीही देईल. रिटायरमेंट जवळ आली की बायकांना काळजी वाटते म्हणतात, तसंच असावं.

पहिला संत्रा तोडताना तू इथे हवी होतीस. गुडघे दुखतात म्हणून आग्रह करत नाही. तोडताना तुझं नाव घेईन. तुझी आठवण पुरवून पुरवून वापरतो आहे.

तुझा,
रावसाहेब

*

लखनौ,
२७ जानेवारी २००९

प्रिय आत्या,
जयभीम!

माझ्या मराठीच्या मात्रा-वेलांट्या सांभाळून घे. आई म्हणाली की हे सगळं आत्याला तूच लिही, माझा हात चालत नाही. काल इकडे जो कमाल झाला ना, कसम से, तू असायला हवी होतीस.

सकाळी अकरापर्यंत कोहरा होता. आठ दिवसांनी बरोबर कालच ऊन पडलं आणि बाबा म्हणाले, बघा, झाडालाही माहीत आहे. झेंडावंदन करून चाळीसेक लोक आले. अंगण फुल! बाबांनी नवा स्वेटर घातला होता. छोटंसं भाषण दिलं, की लहानपणी आम्ही फक्त खाली पडलेलं खात होतो आणि आज मी माझ्या झाडाचं तोडणार आहे. मग बाबांनी हात वर करून फळ तोडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, यार. आईचा चेहरा मात्र पांढराफटक. मला वाटलं तिला चक्कर येतेय.

बाबांनी नखानं साल सोलली, फाका मोकळ्या केल्या आणि एकदम थांबले. नाकाजवळ नेलं. पण तोवर तहजीब म्हणून पहिली फाक त्यांनी डायरेक्टरसाहेबांना दिली होती आणि साहेबांनी ती अख्खी तोंडात टाकली होती. आत्या, लखनौची शराफत काय असते ते काल बघितलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कान लाल झाले होते आणि तोंडानं म्हणत होते की वाह रावसाहेब, बड़ी ताज़गी है! मागून त्यांच्या मॅडमनी घाबरून पाण्याचा ग्लास दिला.

बाबांनी एक फाक खाल्ली. डोळे मिटले. मग सगळ्यांना हिंदीत म्हणाले की माफ करा, हा संतरा नाही. ही जंबेरी आहे. माझ्या बहिणीच्या हाताला वर्षभर हाच वास येतो. एवढं बोलून हातातली साल बघत उभे राहिले. आईच्या हातातला ट्रे खाली ठेवता ठेवता वाजला. मला वाटलं, आता धरती फाटावी आणि आपण सगळे आत जावं.

तेवढ्यात विनीता आंटी पुढे आल्या. झाडाचं एक फळ तोडलं, वास घेतला आणि अशा ओरडल्या की गेटवरचा कुत्रा पळाला. म्हणाल्या, अरे भाईसाहब, हे तर आमच्या पहाडी नींबूचं सख्खं भावंड आहे, मी बावीस वर्षं याच्यासाठी तरसतेय आणि तुम्ही माफी कसली मागता! मग त्यांनी कोणाचं ऐकलंच नाही. घरून मोठी परात, दह्याचं पातेलं, गूळ, मुळे, हरी मिर्च, कोथिंबीर सगळं आणलं. डायरेक्टरसाहेबांच्या मॅडमपासून सगळ्या बायकांना फळं सोलायला बसवलं. डब्यातून कसल्या तरी भाजलेल्या बिया काढून सिलबट्ट्यावर वाटल्या. आईनं विचारलं हे काय, तर म्हणाल्या भांग. आईची तर जानच निघाली! केंद्र सरकारचं अख्खं ऑफिस, गणतंत्र दिवस, आणि आपल्या अंगणात भांग! मग आंटींनी समजावलं की बियांनी नशा होत नाही, त्यांच्याकडे चटणीतही घालतात. तरी आईनं आधी स्वतः चमचाभर खाऊन पाच मिनिटं वाट पाहिली.

आत्या, ते जे बनलं ना! आंबट, गोड, तिखट, थंड, सगळं एकदम. त्याला सना हुआ नींबू, म्हणजे कालवलेलं लिंबू म्हणतात आणि तो उन्हात बसूनच खायचा असतो. सगळे सतरंजीवर बसून बोटं चाटत होते. अकाउंट्सचे तिवारी अंकल परातीपासून उठायलाच तयार नव्हते. डायरेक्टरसाहेबांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि या वेळी ताज़गी खरी होती. बाबांनी चार खाल्ल्या. मोठ्यानं हसत होते.

पण सगळे गेल्यावर आईनं किचनमधून एक पिवळं पडलेलं पत्र आणून बाबांना दिलं. तुझं. त्याला बेसन लागलेलं होतं. बाबांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि तेव्हापासून आईशी बोलत नाहीत. आईनं मला सगळं सांगितलं. आत्या, तू बाबांना लिही ना. आई बिचारी आज सकाळपासून एकही चहा न विचारता बसली आहे.

ढेर सारं प्यार, आणि तू मला विसरू नकोस.

तुझी,
स्नेहल

*

लखनौ,
८ फेब्रुवारी २००९

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र यायच्या आधीच आमचा अबोला मोडला, तेव्हा स्नेहलचं पत्र मिळून तू काळजीत असशील तर सोड. मी रिटायर झालो. हार, शाल, घड्याळ, सगळं रीतसर मिळालं. निरोपाच्या भाषणात डायरेक्टरसाहेब माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि नींबूबद्दल दहा.

रागावलो होतो हे खरं. जंबेरी निघाली म्हणून नाही. सहा वर्षं मी ज्याला पोत्याचं झबलं घालत होतो ते काय आहे, हे माझ्याच घरात ठाऊक असून मलाच ठाऊक नव्हतं, याचा राग आला. मी वेड्यासारखा मोजत होतो आणि सुनंदा बघत होती, असं वाटलं. दोन दिवस धुमसलो. २८ तारखेला सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून तुझं ते जुनं पत्र पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट लक्षात आली, ती तुलाही तेव्हा सुचली नव्हती.

ताई, आईनं कलम मांडीवर घेतलं होतं ते कसं? वरची काडी तिनं हातानं बाजूला धरली होती, पानं मोडू नयेत म्हणून. मांडीवर होतं ते बूड, मातीच्या गोळ्यासकट. म्हणजे आईच्या मांडीवर जंबेरीच होती. तुझं पत्र तेव्हा हातात पडलं असतं तर मी ते झाड उपटलं असतं; तुझं मी आजवर मोडलेलं नाही. मग आईनं धरलेलं काहीच उरलं नसतं. सुनंदानं ते वाचवलं. मी आत गेलो आणि तिला एवढंच विचारलं, की चहा आहे का. ती रडायलाच लागली.

मग चारबागला जाऊन दोन किलो नागपुरी आणि दोन किलो किनू घेऊन आलो. विनीता भाभींच्या गच्चीवर उन्हात बसून तिघांनी खाल्ले, साली आपल्याच घरच्या डब्यात टाकल्या. तेव्हा मी दोघींना सांगून टाकलं की तुमच्या किनूचा वास मला पहिल्याच हिवाळ्यात आला होता. बेसन लावून वास जातो असं यांना कोणी सांगितलं कोण जाणे! चोरून खाण्यात त्यांना एवढी मजा येत होती की बोलवेना. म्हणजे या घरात लपवालपवी मीही केली, फिटंफाट झाली. सहा वर्षांनी संत्रा कसा लागला म्हणशील, तर पहिली फाक संपायच्या आत मी दुसरा सोलायला घेतला.

आता कामाचं. तुझं डिसेंबरचं पत्र सुनंदानं दाखवलं. जंबेरीचं चांगलं बी मिळत नाही म्हणतेस. आमचं झाड इथलं पानं जाळणारं दहिवर, इथलं धुकं सहा वर्षं सोसून ठणठणीत आहे, एक फांदी कधी रोगट झाली नाही. पार्टीत पंचवीस फळं संपली, सेहेचाळीस उरली होती. आम्ही तिघांनी बसून सगळी कापली. बिया धुतल्या, राखेत घोळल्या, सावलीत सुकवल्या. पाचशे सव्वीस भरल्या. रसाची बरणी लोणच्याला विनीता भाभींनी नेली. बियांची थैली सोबत स्पीडपोस्टनं पाठवतो आहे. तू मला कलम दिलंस, मी तुला त्याचा खालचा खुंट परत करतो. चालेल का बघ.

क्वार्टर सोडताना झाड नेता येणार नाही. नव्या येणाऱ्या बाईंना विनीता भाभी नींबू शिकवणार आहेत, तेव्हा त्याची काळजी नाही.

माझ्यावर हसून झालं की माया कर.

तुझा,
रावसाहेब

*

शेंदूरजनाघाट,
१९ फेब्रुवारी २००९

चि. रावसाहेब यास आशीर्वाद.

कार्डावर मावेल तेवढंच लिहिते. बी पोचलं, त्याच दिवशी वाफ्यात टाकलं. दाणा भरदार आहे. आईची मांडी मला खरंच सुचली नव्हती. वाचलं आणि नर्सरीत जाऊन जरा वेळ एकटीच बसले. सुनंदाला म्हणावं, बेसनाच्या डब्याखाली आता काही ठेवू नकोस.

ताई

*

शेंदूरजनाघाट,
६ जानेवारी २०१६

चि. रावसाहेब यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं वृंदावन योजनेतलं घर, सुनंदाचा गुडघा, स्नेहलची नोकरी, सगळं वाचून समाधान वाटलं. विनीताबाई अजून तुमच्याकडे दर थंडीत परात घेऊन येतात हे छान. इकडे मी बरी आहे. कानानं आता अजिबातच ऐकू येत नाही, त्यामुळे संग्रामशी माझं भांडण होत नाही.

आज मुद्दाम लिहायला बसले आहे, सावकाश वाच. तुझ्या बियांची रोपं चारशेच्या वर उगवली होती, हे तुला तेव्हा कळवलं होतं. त्यांच्यावर डोळे मी भरले. एकाही रोपाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. बाकीची गेली, लोक वाखाणून घेऊन गेले. पण चाळीस मी विकली नाहीत. तुला बोलले नव्हते. तू सहा वर्षं मोजत बसला होतास तसा पुन्हा बसशील आणि एखादा दुष्काळ आला तर माझ्या माथी येईल, म्हणून गप्प राहिले. घ्या, आता लपवायची पाळी माझी होती!

ती चाळीस मी आपल्या दोन एकरांत लावली, मालगुजाराच्या जुन्या बागेच्या बांधाला लागून. बाग आता नाही तिथे, ज्वारी असते. आपली झाडं आहेत. गावात सगळे त्यांना लखनौची ओळ म्हणतात. मधली दोन वर्षं पाणी कमी पडलं, शेजारच्यांची झाडं वाळली, आपलं एक गेलं नाही. यंदा पहिल्यांदा भरून आली आहेत. फांद्यांना टेकू द्यावे लागले. साल पातळ, रंग असा की संध्याकाळी ओळीतून चालताना माझं लुगडंसुद्धा केशरी दिसतं.

व्यापारी आला होता, सगळी बाग बघून गेला. ती ओळ मी त्याला दाखवली, मोजू दिली नाही. संग्रामनंही अजून एक फळ तोडलेलं नाही. विचारत असतो, मामा कधी येणार. पोरगा चाळिशीचा झाला आणि रोज झाडाखाली लाळ गाळत उभा राहतो. तेव्हा फार वाट पाहायला लावू नकोस. तिकीट काढ, सुनंदाला घे, स्नेहलला सुट्टी मिळाली तर तिला आण. विनीताबाई येत असतील तर त्यांना म्हणावं, जंबेरीही ठेवली आहे, परात माझ्याकडे मोठी आहे. तुमच्यासाठी गच्ची झाडून ठेवते.

जीव तुझ्यात आहे, तो घेऊन लवकर ये.

तुझी,
ताई

ता. क. – खाली गळलेली फळं मी रोज सकाळी वेचून गाईला घालते. तू येशील तेव्हा त्या ओळीत जमिनीवर एकही सापडणार नाही. वाकायचं नाही. हात वर करायचा.